बासष्ट ठोके

"बासष्ट!"

माइकवरून आकडा आला आणि भिलाईतल्या रिसालीच्या मैदानात मांडवाखाली बसलेली हजार-दीड हजार माणसं एका सुरात ओरडली, "हृदयानंद महाराज की जय!" बायांनी डोक्यावर पदर ओढले. एका म्हातारीनं समोरच्या मांडवाच्या खांबालाच डोकं टेकवलं. खांबाचा काय संबंध, कोण विचारणार?

स्टेजवर एक काळी सायकल होती, मागचं चाक स्टँडवर अधांतरी. तिच्यावर बसून एक जाडजूड हेडक्लार्क जीव खाऊन पायडल मारत होता. त्याच्या छातीला रबराचा काळा पट्टा आणि हँडलला एक परदेशी घड्याळ बांधलेलं. त्या घड्याळात वेळ दिसत नव्हती, माणसाचं काळीज मिनिटाला किती ठोके देतं तो आकडा दिसत होता. सन एक्क्याण्णवमध्ये भिलाईत असलं घड्याळ कोणाच्या बापानं पाहिलं नव्हतं. दहा मिनिटांपूर्वी याच हेडक्लार्कचा आकडा एकशे छप्पन होता. मग महाराज गादीवरून उठले, सायकलीला खेटून उभे राहिले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि बासष्ट! पाय तेवढ्याच वेगानं चालू, धाप तेवढीच, तोंड टमाट्यासारखं लाल, आणि काळीज म्हणे दुपारी जेवून झोपलेल्या माणसासारखं निवांत.

"मशीन विदेशी, कृपा स्वदेशी!" महाराज माइक ओढून घेत म्हणाले. "डॉक्टर दिल को दवा देता है, हम दिल को आदेश देते हैं। दिल से कहा, बेटा बैठ जा। दिल बैठ गया!"

दिल बैठणं म्हणजे काळीज बंद पडणं, हे या शहाण्याला माहीत नसावं. लोकांना माहीत होतं, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या.

स्टेजच्या कोपऱ्यात एक पितळी परात ठेवलेली असायची. ज्याचं काळीज बरं झालं त्यानं आपल्या गोळ्या त्या परातीत टाकायच्या, याला महाराज 'औषधत्याग' म्हणायचे. लाल, पांढऱ्या, पिवळ्या गोळ्यांनी परात अर्धी भरली होती. मंगळवारी मी ती परात पाहिली, तर वरच्याच दोन पाकिटांवर पेनानं नाव लिहिलं होतं: शेषराव, सकाळ. शेषराव, रात्र. ते अक्षर माझंच होतं.

मी कृष्णराव. भिलाईच्या पोलाद कारखान्यात, इन्स्ट्रुमेंट रिपेअर शॉपमध्ये एकोणतीस वर्षं घासली. भट्टीचं तापमान, गॅसचा दाब, पाण्याची पातळी दाखवणारी जेवढी मीटरं आहेत, ती बिघडली की माझ्या टेबलावर यायची. शेषराव आणि मी हिंगणघाटकडच्या एकाच गावचे, एकाच दिवशी भरती झालो, आणि आमची क्वार्टरं भिंतीला भिंत लागून. तो कोकओव्हनला, म्हणजे कोळशाचा कोक करणाऱ्या भट्ट्यांच्या रांगेवर, तिला आम्ही बॅटरी म्हणतो. अठ्ठावीस वर्षं सायकलीनं ड्यूटीला गेला, एक दिवस गाडीचा रुबाब केला नाही. मागच्या दिवाळीत त्याला हार्टचा झटका आला. डॉक्टरांनी वाचवला, गोळ्या लावल्या, सायकल बंद केली आणि लाइट ड्यूटी लिहून दिली. लाइट ड्यूटी म्हणजे टाइम ऑफिसात खुर्चीवर बसून दुसऱ्यांची हजेरी पाहायची.

"किसना, मले लोक दया खाऊन पाहून राहिले बे," तो मला म्हणायचा. "काल एक पोरगं मले म्हणते, काका, उठू नका, मी पाणी आणतो. अरे, मी तुह्या बापाले बॅटरीवर काम शिकवलं!"

त्याला पैसा नको होता, नाव नको होतं. त्याला फक्त एकदा सायकलीवर टांग मारून, पाळीच्या भोंग्याला, सगळ्यांच्या देखत गेटातून आत जायचं होतं. महाराजांनी त्याला नेमकं तेच देऊ केलं. तीन बैठका. पहिली मंगळवारी, दुसरी बुधवारी, आणि रविवारी पूर्णाहुती. "फिर सीधा यहीं से साइकिल पर गेट तक!" असं महाराजांनी माइकवर जाहीर केलं.

मंगळवारी शेषरावचा आकडा एकशे बत्तीसवरून बासष्टवर आला आणि त्यानं दोन्ही पाकिटं परातीत टाकली.

आता तुम्ही विचाराल, एवढी शिकली-सवरली माणसं, कारखान्यातली माणसं, फसली कशी? तर ऐका. शिकली-सवरली होती म्हणूनच फसली. भिलाई हे मीटरवर जगणारं गाव. भट्टीत डोकावून कोणी पाहत नाही, पाहायला गेला तर भुवया जळतात. काटा काय म्हणतो ते पाहायचं, लॉगबुकात लिहायचं, पाळी बदलली की पुढच्याच्या हातात द्यायचं. अंगारा दिला असता तर या लोकांनी त्याला हसून हाकललं असतं. त्यानं आकडा दिला. आकड्यापुढे आमचा माणूस मान खाली घालतो.

आणि तो हरामखोर हुशार किती! आकडा वाचायला स्वतःचा चेला ठेवला नाही. आमच्यातलाच माणूस उभा केला, श्यामराव. ब्लास्ट फर्नेसच्या कंट्रोल रूममध्ये बावीस वर्षं आकडे वाचणारा, सरळ, देवमाणूस, चुकूनही पाच मिनिटं उशिरा न येणारा. तो घरून लॉगबुक घेऊन आला होता. दर मिनिटाला माइकवर आकडा सांगायचा आणि वेळेसकट लिहून घ्यायचा. श्यामराव म्हणतो बासष्ट, तर बासष्टच. मी त्याला बुधवारी बाजूला घेतलं.

"श्यामराव, माणूस धापा टाकून राहिला, त्याचं तोंड तरी पाहा."

"तोंड पाहून रीडिंग घेतात काय, कृष्णराव?" तो म्हणाला. "तुमी स्वतः इन्स्ट्रुमेंटवाले. तुमीच असं बोलता?"

मी इन्स्ट्रुमेंटवाला होतो म्हणूनच बोलत होतो. मीटरला भट्टी दिसत नाही. त्याच्या वायरवर जे येतं तेवढंच त्याला कळतं. वायर तुटली तर धगधगत्या भट्टीचं तापमान शून्य दाखवतं, आणि वायर चुकून शेजारच्या भट्टीला जोडली तर शेजारणीची खबर देतं, अगदी इमानदारीनं. पण इथे वायर कुठे होती? पट्टा छातीला, घड्याळ हँडलला, मध्ये हवा.

बुधवारी शेषरावच्या दुसऱ्या बैठकीत दोन गोष्टी पाहिल्या. पहिली अशी, की पहिल्या फेरीला केवलराम नावाचा चेला पट्टा लोटीतल्या पाण्यानं चांगला ओला करायचा आणि उघड्या छातीवर बांधायचा. तेव्हा महाराज दूर गादीवर. आकडा खरा यायचा, एकशे तीस, एकशे पन्नास. मग 'शुद्धी'. केवलराम पट्टा काढायचा, भगव्या फडक्यानं कोरडाठाक पुसायचा, त्यावर भस्म चोळायचा आणि या खेपेला बनियनच्या वरून बांधायचा. मग महाराज यायचे आणि आकडा उतरायचा.

दुसरी गोष्ट कुत्र्याची. महाराज शेषरावच्या डोक्यावर हात ठेवून डोळे मिटून उभे, श्यामराव "बासष्ट, बासष्ट" म्हणतोय, तेवढ्यात एक मोकाट कुत्रं स्टेजखालून निघून महाराजांच्या पायावर भुंकलं. महाराज केवढे दचकले! कृपा-बिपा विसरून "हट साले" म्हणत एक पाय वर. आणि त्याच घटकेला श्यामराव माइकवर म्हणाला, "सत्त्याण्णव!"

शेषरावला कुत्रं दिसलंसुद्धा नव्हतं. तो मान खाली घालून पायडल मारत होता. मग दचकलं कोणाचं काळीज?

गुरुवारी दुपारी उत्तर स्वतःच्या पायानं माझ्या दारात आलं. घरी मी शेजारपाजारचे रेडिओ-ट्रान्झिस्टर दुरुस्त करत असतो, हे सगळ्या रिसालीला माहीत. केवलराम पिशवी घेऊन उभा.

"भैया, जरा ये पट्टा देख देना। कल शाम से काम नहीं कर रहा। घड़ी भी लाया हूँ, मिलाकर देख लो।"

"पेशंटच्या छातीचा काय?"

"नहीं नहीं, वो तो बढ़िया है। ये दूसरा है। महाराज का। मतलब... पूजा में रखते हैं।"

पूजेत! पट्ट्याच्या आतल्या रबराला घामाचा वास येत होता. देवाला घाम येतो काय? मी तोंडावरची माशी उडू दिली नाही. "तासाभरानं ये," म्हटलं.

तो गेला आणि मी पट्टा उघडला. मधल्या डबीत छोटंसं सर्किट आणि एक गोल बॅटरी, बॅटरी संपलेली. पॉवर हाउस बाजारातल्या घड्याळवाल्याकडून तशी बॅटरी आणून घातली. पट्टा स्वतःच्या छातीला बांधला. घड्याळात दोन शून्यं. थुंकी लावून रबर ओलं केलं, पुन्हा बांधलं, चौऱ्याहत्तर. पुसून कोरडा केला की पुन्हा दोन शून्यं. काळजाची बारीकशी वीज ओल्या रबरातूनच डबीपर्यंत पोचते, आणि डबी प्रत्येक ठोक्याला हवेतून एक इशारा टाकते. पट्टा पुन्हा ओला करून बांधला, घड्याळ टेबलावर ठेवलं आणि मागे सरकलो. दोन पावलांपर्यंत आकडा, तिसऱ्या पावलाला गायब. म्हणजे घड्याळाला आपला मालक कळत नाही. दोन पावलांत जी डबी बोलेल तिचा आकडा ते दाखवणार.

खात्री म्हणून घड्याळ स्वयंपाकघरात नेऊन कोहळ्यावर ठेवलं. कोहळं म्हणजे आपला लाल भोपळा, कलावतीनं रविवारच्या भाजीला आणलेला. पट्टा माझ्या सदऱ्याखाली, मी कोहळ्याशेजारी उभा. घड्याळ म्हणालं, त्र्याहत्तर.

कलावती, म्हणजे माझी बायको, पदराला हात पुसत आली. "अगं बाई, कोहळ्याले बी जीव आला काय?"

मी तिला सगळं सांगितलं. पेशंटचा पट्टा कोरडा, मुका. महाराजांच्या कफनीखाली दुसरा पट्टा, ओला, बोलका. ते सायकलीला खेटून उभे राहतात आणि घड्याळ त्यांचेच ठोके दाखवतं. बासष्ट ठोके त्या आयतखाऊचे.

ती एकदम गंभीर झाली. "मंग इथं कावून बसले? आताच्या आता जा, शेषरावभाऊले सांगा. त्याइनं गोळ्या सोडल्या ना!"

"सांगतो," मी म्हणालो. "पण असं एकट्याला सांगून काय फायदा? तो म्हणेल, किसना जळतो. रविवारी सगळी पब्लिक येईल, तेव्हा महाराज सायकलीजवळ असतानाच स्टेजवर जाऊन या कोहळ्याले पट्टा बांधतो. कोहळ्याचे ठोके श्यामरावच्याच तोंडून वाचवून घेतो! बाबा दुसऱ्या दिवशी भिलाईत दिसला तर नाव बदलीन."

"तीन दिवस आहेत रविवारले."

"तीन दिवसांत काय होते?"

हे मी बोललो. माझ्याच तोंडानं.

केवलराम आला, मी दुरुस्त पट्टा त्याच्या हातात दिला. बिघडलेला परत दिला असता तर रविवारी महाराजांची कृपा चाललीच नसती. पण मग माझा तमाशा कसा झाला असता? मला चोर रंगेहाथ पकडायचा होता, तोही हजार माणसांसमोर. म्हणून चोराची किल्ली मीच घासून चकाचक करून दिली.

संध्याकाळी शेषरावकडे गेलो. तो सायकलीला तेल देत होता. चेनला, पायडलला, घंटीलासुद्धा. अन्नपूर्णावहिनींनी चहा ठेवला.

"भाऊजी, हे आजकाल जिना चढले की थांबतात," त्या हळूच मला म्हणाल्या. "गोळ्या चालू कराव काय जी? तुमचं ऐकतात ते."

"किसनाले कायले विचारतं?" शेषराव हसला. "बासष्ट आहे माहं. बासष्ट! त्या डॉक्टरचं तरी असन काय?"

माझ्या जिभेवर आलं होतं. खरंच आलं होतं. पण त्याचं ते तोंड पाहिलं आणि वाटलं, रविवारी कसा चाट पडेल! मी म्हटलं, "रविवारी पाहा मजा, वहिनी," आणि बशीत चहा ओतून प्यालो. चांगला झाला होता, आलं घातलेला.

रविवारी सकाळी नऊला मैदान फुलून गेलं. नंदिनीच्या खाणीतून बस भरून लोक आले, उतईवरून ट्रॅक्टर आले. मी कापडी पिशवीत कोहळं घेऊन तिसऱ्या रांगेत बसलो. बैठक संपली की महाराज रोज विचारायचे, "किसी के मन में कोई शंका?" आणि कोणी उठायचं नाही. आज मी उठणार होतो. मनातल्या मनात भाषणाचं पहिलं वाक्यसुद्धा पाठ केलं होतं.

शेषराव नवा बनियन घालून सायकलीवर बसला. पहिली फेरी, ओला पट्टा, श्यामराव म्हणाला, "एकशे अठ्ठेचाळीस." मग पुसापुशी, भस्म, बनियनवरून पट्टा. महाराज आले, डोक्यावर हात. "बासष्ट!" जयजयकार.

"और तेज, बेटा!" महाराज म्हणाले. "आज रोग की पूर्णाहुती है।"

शेषरावनं वेग वाढवला. पाच मिनिटांत त्याचा डावा हात हँडलवरून निसटला. त्यानं तो पुन्हा ठेवला. ओठ जांभळे दिसायला लागले. अन्नपूर्णावहिनी पहिल्या रांगेतून उठल्या.

"उतरवा जी त्याइले! त्याइचं तोंड पाहा!"

"माताजी, बैठो। ये रोग निकल रहा है।"

"वहिनी, घाबरू नका," श्यामरावनं माइकवरूनच समजावलं. "बासष्ट आहे. नॉर्मल आहे."

आजूबाजूच्या बायांनी वहिनींना हाताला धरून खाली बसवलं. मी कोहळ्याची पिशवी हातात घट्ट धरून बसलो होतो. मलाही दिसत होतं. मला त्या मांडवातल्या कोणाहीपेक्षा जास्त कळत होतं. तरी मी मनाशी म्हटलं, आणखी एक मिनिट, हे संपवतील, शंका विचारतील, मग उठू. ते एक मिनिट मी बसलो. खोटं कशाला सांगू, बसलो.

शेषरावनं कपाळ हँडलवर टेकलं. पाय थांबले. मागचं चाक आपल्या वेगानं टकटक फिरत राहिलं.

"बासष्ट," श्यामराव म्हणाला.

"समाधि!" महाराजांनी दोन्ही हात वर केले. "देखो, शरीर स्थिर, हृदय चालू! समाधि लग गई!"

मांडवात असा जयघोष उठला, की मी ओरडलेलं मलाच ऐकू आलं नाही. लोकांच्या पाठीवरून, मांड्यांवरून पाय देत स्टेजवर चढलो. शेषरावच्या मानेवर बोटं ठेवली. काही नाही. सेफ्टीच्या ट्रेनिंगमध्ये आम्हाला छाती दाबून काळीज चालू करायला शिकवलं होतं. मी त्याला खाली घ्यायला कंबरेत हात घातला, तर चार-पाच जणांनी मलाच धरलं.

"हात नका लावू! समाधी मोडन!"

"अरे, मरून राहिला तो!"

"कृष्णराव, डोकं फिरलं काय?" श्यामराव घड्याळाकडे बोट दाखवत होता. "चालू आहे ना काळीज! हे पाहा, बासष्ट!"

"मानेची नस पाहा त्याची! हात लावून पाहा, श्यामराव!"

श्यामरावनं नस पाहिली नाही. तो आकड्याकडेच पाहत होता, आणि आकडा हलला.

"सत्तर," तो म्हणाला. "शहाऐंशी... एकशे नऊ... एकशे एकतीस!"

मी महाराजांकडे पाहिलं. त्यांनी हात पुन्हा शेषरावच्या डोक्यावर ठेवला होता. हाताखालचं डोकं कसं लुळं पडलंय ते त्यांना कळलं होतं, आणि धावत सुटलं होतं ते त्यांचंच काळीज. मांडवात त्या घटकेला फक्त दोघांना खरं माहीत होतं, त्यांना आणि मला.

पण लोकांना काय? लोकांनी ऐकलं एकशे एकतीस. ते नाचायला लागले. अन्नपूर्णावहिनी पदर सांभाळत पुढे धावल्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू होतं. "वापस आले! माह्ये वापस आले!"

मी त्या चौघांना झटकलं, महाराजांच्या छातीवर दोन्ही हात ठेवले आणि सगळ्या ताकदीनं ढकललं. ते चार पावलं मागे जाऊन गादीवर उताणे पडले.

"वाच!" मी श्यामरावच्या कानात ओरडलो. "आता वाच!"

श्यामराव माइकसमोरच होता. सवयीनं त्यानं वाचलं.

"शून्य... शून्य."

मग कोणी मला धरलं नाही. शेषरावला खाली निजवून मी छाती दाबत राहिलो, दवाखान्याची गाडी येईपर्यंत, हात सुन्न होईपर्यंत. बनियनवरचा तो मुका पट्टा तसाच होता, माझ्या तळहाताखाली त्याची डबी रुतत होती. डॉक्टरांनी दवाखान्यात पाहिलं आणि मान हलवली. उपयोग नव्हता. फार उशीर झाला होता, म्हणाले.

मागे मैदानात लोकांनी महाराजांची कफनी फाडली. आत पट्टा निघाला, मी बॅटरी घातलेला. मग त्याच हातांनी, जे मघाशी जोडलेले होते, त्याला असा बडवला, की पोलिसांना हजार हातांतून सोडवून न्यावा लागला. घड्याळ हँडलवरच होतं. बडवाबडवीत लोक त्याला सायकलीजवळ ओढून आणत, तेव्हा ते आकडा दाखवी, एकशे एकाहत्तर. घड्याळ पहिल्या दिवसापासून खरंच बोलत होतं. कोणाचं बोलतंय, एवढंच कोणी विचारलं नव्हतं.

श्यामरावचं लॉगबुक पोलिसांनी जप्त केलं. मी ते पाहिलं. सुंदर अक्षर. नऊ चाळीस, बासष्ट. नऊ एकेचाळीस, बासष्ट. नऊ बेचाळीस, बासष्ट. नऊ त्रेचाळीस, बासष्ट. यातल्या कोणत्या बासष्टला शेषराव गेला, ते आता कोणालाच सांगता येणार नाही. श्यामरावनं त्यानंतर कंट्रोल रूममधून बदली मागून घेतली. मला रस्त्यात दिसला की तो सायकल दुसऱ्या गल्लीत वळवतो. त्याला काय बोलू? त्याला माहीत तरी नव्हतं.

तेराव्या दिवशी माणसं पांगल्यावर अन्नपूर्णावहिनी आमच्या दारात आल्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत. उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

"भाऊजी, ते पट्ट्याचं तुमाले कधी मालूम झालं?"

कलावती आत भांडी घासत होती, तिचा हात थांबला.

"गुरुवारी," मी म्हणालो. "केवलराम पट्टा घेऊन आला होता. बॅटरी मीच बदलून दिली."

रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"गुरुवारी तुमी आमच्या घरी चहा पिऊन गेले होते," त्या म्हणाल्या आणि घरात निघून गेल्या. भिंतीला भिंत लागून आहे आमची. आजपर्यंत त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

तो बाबा सुटला असेल, दुसऱ्या गावी दुसरं यंत्र घेऊन बसला असेल. तसलेच बाबा आहेत, आणि बसतील. म्हणून सांगतो. यंत्रात दैवी काही नसतं आणि सैतानीही नसतं. पट्टा ओला आहे की कोरडा, अंगाला लागलाय की कपड्याला, आणि जवळ दुसरा कोण उभा आहे, हे तीन प्रश्न पाचवीतलं पोर विचारू शकतं. आम्ही दीड हजार जणांनी विचारले नाहीत. आकडा आणि माणसाचं तोंड जुळत नसेल तर माणसाचं तोंड खरं धरा, मनगट हातात घ्या आणि स्वतः मोजा. डॉक्टरनं दिलेली गोळी कोणाच्या परातीत टाकू नका, परात पितळी असो की चांदीची.

आणि माझ्यासारख्या शहाण्यांना वेगळं सांगतो. तुम्हाला लबाडी कळली, तर तिचा तमाशा मांडायला रविवार शोधत बसू नका. कळलं त्या घटकेला, ज्याचा जीव अडकलाय त्याच्या दारी जा. तो तुम्हाला जळका म्हणेल, हाकलेल, म्हणू द्या. पण आधी सांगा. चहा नंतर प्या.